खांबेटेकाकांचे चार गोलकीपर

एका वर्षी खांबेटेकाकांच्या संघात चार गोलकीपर होते. फुटबॉलमध्ये एका वेळी एकच गोलकीपर खेळतो हे काकांना तुमच्या-माझ्याइतकंच ठाऊक आहे. पण त्यांचा नाइलाज झाला. चारही वेळा त्यांची पाळी आली, तेव्हा उरलेल्यांत सगळ्यात चांगला खेळाडू नेमका गोलकीपरच निघाला!

आधी प्रकरण समजावून सांगते. ब्रिस्टलमधली आम्ही काही मराठी मंडळी दर ऑगस्टमध्ये, फुटबॉलचा सीझन सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, दुपारी आमच्या घरी जमतो. खऱ्याखुऱ्या व्यावसायिक खेळाडूंमधून प्रत्येकानं पाळीपाळीनं आपला संघ निवडायचा. एकानं घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. मग वर्षभर घाम ते गाळतात आणि गुण आम्हाला मिळतात. याला ड्राफ्ट म्हणतात. माझ्या मते हा बटाटेवडे खायचा बहाणा आहे. पण वडे मीच तळत असल्यामुळे माझं मत कुणी विचारत नाही.

माझा नवरा संदीप इंजिनियर. तो संघातली रिकामी जागा बघून खेळाडू घेतो. लेफ्ट बॅक नसेल तर लेफ्ट बॅक, विषय संपला. काकांना हे बघवत नाही.

"भगदाड बघू नकोस रे, माणूस बघ!" हे त्यांचं पालुपद. "आज तुला लेफ्ट बॅक हवाय म्हणून तू हा लिंबूटिंबू उचलणार. आणि नोव्हेंबरात तुझ्या स्ट्रायकरचा गुडघा गेला म्हणजे? गरज बदलते, संदीप. गुण कुठे जात नाही."

"पण काका, तुमचे गुण बेंचवर बसलेत ना."

"बसू देत. बसले तरी चांगलेच आहेत ते."

काका दरवर्षी शेवटचे येतात आणि दरवर्षी सांगतात, की तत्त्व बरोबर होतं, सीझन चुकला.

हे तत्त्व फुटबॉलपुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. काका कांदे आणायला जातात आणि आंबे घेऊन येतात, कारण "कांद्यांत आज दम नव्हता." इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी नाटक बसवलं, तेव्हा तरुण नायकाचं काम दिलं वैद्यबाईंना. वैद्यबाईंनी सत्तरी ओलांडली आहे आणि त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. पण अभिनय येतो तो त्यांना एकट्यांनाच, असं काकांचं म्हणणं. आम्ही कपाळावर हात मारून घेतला. प्रत्यक्षात वैद्यबाई स्टेजवर प्रेमाची कबुली देऊ लागल्या, तेव्हा हॉलमध्ये कुणी हसलं नाही. माझ्या शेजारची तर चक्क डोळे पुसत होती.

काका डॉक्टर. आता निवृत्त. सुधाकाकू गेल्यापासून मोठ्या घरात एकटेच असतात आणि रात्री टोस्ट खाऊन झोपतात. एकुलती मुलगी केतकी इथेच जन्मली, इथेच वाढली, त्यामुळे मराठी जरा मोडकंतोडकं बोलते. ती नवऱ्या-मुलांसह मँचेस्टरला असते. यंदा जूनमध्ये तिच्या मुलांना सांभाळणारी बाई काम सोडून गेली. केतकीनं लगेच फोन केला, "बाबा, इकडे राहायला या. आम्हाला कुणीतरी हवंच आहे." आम्हाला सगळ्यांना हायसं वाटलं. काकांनी मात्र साफ नाही म्हणून सांगितलं.

मी आमटीचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले आणि तोंडावरच विचारलं, "काका, हा काय हट्ट?"

ते डब्याच्या झाकणाशी चाळा करू लागले. मग म्हणाले, "मी या देशात आलो तो हृदयरोगतज्ज्ञ व्हायला. इथल्या लोकांना म्हाताऱ्यांच्या वॉर्डात माणूस हवा होता. तिथे कुणी जायला तयार नव्हतं, मी गेलो. मग समुद्रकाठच्या एका गावात कुणी टिकत नव्हतं, तिथे गेलो. सगळे चांगले वागले गं, तक्रार नाही. पण दर वेळी भगदाड आधी होतं, मी नंतर."

"आणि काकू?"

"सुधाला लग्नच करायचं नव्हतं. बँकेत नोकरी होती, मजेत होती. म्हणाली, मला कुणाची गरज नव्हती हो, पण तुम्ही आवडलात." काका हसले. "एकदाच झालं ते. परत कधीतरी होईल असं उगाच वाटत राहतं. आता केतकीला शाळेतून मुलं आणायला माणूस हवाय. मुलं मोठी होतील. मग?"

घरी येऊन मी रडले, आणि मग मला रागही आला, नक्की कुणाचा ते कळेना. चहाड्या करायची मला सवयच आहे. दुसऱ्या दिवशी केतकीला फोन करून सगळं सांगून टाकलं. ती "ओह" एवढंच म्हणाली. नंतर तिच्याकडून काही कळलं नाही.

ऑगस्टमध्ये ड्राफ्ट सुरू होता आणि काकांची पाळी होती, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो.

"बाबा, मुलांना सांभाळायला चाइल्डमाइंडर मिळाला! खूप छान बाई आहे. मंडेपासून येतो."

"वा! सुटलीस," काका म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. आम्ही सगळे आपापल्या बशीत बघू लागलो.

"हो, मुलांना शाळेतून आणायचं, स्कूल रन, सगळं सॉर्टेड आहे. आता इकडे तुमच्यासाठी काहीच काम नाही."

"हं."

"म्हणून विचारते. कधी येता?"

काका फोनकडे बघतच राहिले. "अगं, पण मग मी तिथे करू काय?"

"काही नाही करायचं. आय जस्ट वॉन्ट यू हिअर, बाबा. मी ऑफिसमधून घरी आली की तुम्ही दिसायला पाहिजे. बस."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. संदीप हळूच म्हणाला, "काका, तुमची पाळी." मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. पलीकडून केतकी फोन ठेवेना. कढईत वडे करपत होते आणि मी जागची हलले नाही.

"शनिवारी येतो," शेवटी काका म्हणाले. मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "एक बॅग आणू, की दोन?"

"सगळं आणा," केतकी म्हणाली.