उंबरठे काढलेलं घर

रोज दुपारी चार वाजले की आमचे शेजारी नानाजी डोळ्यांवर उपरणं बांधून घरभर फिरायचे. मी घाटंजीच्या शाळेत नवाच मास्तर होतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, म्हातारा नातवंडांशी आंधळी कोशिंबीर खेळतोय. पण घरात नातवंडं नव्हतीच. होते नानाजी, काकू आणि नानाजींच्या कपाळावरची टेंगळं.

"हे काय चाललंय, नानाजी?"

"म्हातारपणाची तालीम करून राह्यलो, मास्तर. बंदोबस्त पह्यले पाह्यजे!"

तहसील कचेरीत जन्म गेल्यामुळे 'बंदोबस्त' हा त्यांचा लाडका शब्द. या बंदोबस्तापायी त्यांनी खुंट्या खाली आणल्या, खाटेपासून विहिरीपर्यंत दोर बांधला, पाण्याचा रांजण तीनदा हलवला. शेवटी सुताराला बोलावून घरातले सगळे उंबरठे उपटले. उंबरठ्यांना रोज हळदकुंकू वाहणाऱ्या काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. गाव हसलं. मीही हसलो.

खरं कारण त्यांनी मला एकदा बाजारातून परतताना सांगितलं. काकूंची नजर जात चालली होती. चष्म्याचा नंबर काढायला नेलं तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरांनी नानाजींना एकट्याला बाजूला घेऊन आशा सोडायला सांगितलं होतं.

"पोरगा दिवाळीत येऊन राह्यला. आई एकदा जरी पडली तं दोघायले नागपूरले नेतो म्हणते. तिथं वरच्या मजल्यावर दोन खोल्या. तिचा जीव गुदमरन, मास्तर. तिले सांगू नका बरं. तिले वाटते, मी माह्यासाठीच करून राह्यलो."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

दिवाळीला मुलगा आला. मीही फराळाला होतो. काकू चहा घेऊन माजघरातून निघाल्या त्या सरळ भिंतीवर आपटल्या. कपबश्या फुटल्या.

"झालं! सामान बांधा," मुलगा म्हणाला. नानाजी खाली बसून कपांचे तुकडे वेचू लागले.

काकू मात्र भडकल्या. "अरे, मले दोन वर्सांपासून धड दिसत नाही. पडली काय मी कधी? पायाले उंबरठा लागला की समजे, माजघर सरलं, आता उजवीकडं वळाचं. यायनं उंबरठे काढले अन् माहे डोळेच काढून नेले!"

"तुले मालूम होतं?" नानाजींनी तुकडे वेचता वेचता वर पाहिलं.

"मंग! तुमाले घोर लागन म्हणून बोलली नाही."

नशीब, उंबरठे चुलीत गेले नव्हते, गोठ्यात पडून होते. दुसऱ्याच दिवशी सुतार आला. दोर सुटला, रांजण जागेवर गेला. काकूंनी चाचपत एकेका उंबरठ्याला हळदकुंकू लावलं आणि भरल्या कपांचा ट्रे घेऊन घरभर फिरून दाखवलं. थेंब सांडला नाही. मुलगा एकटाच नागपूरला गेला. मोटार दिसेनाशी झाली तेव्हा मीसुद्धा हुश्श केलं.

नानाजी ओसरीवर बसले होते. "दोन वर्सं एकटीच अंधारात फिरली, मास्तर. अन् मी बाजूच्या खाटेवर घोरत होतो." त्यांनी उघडपणे डोळे पुसले.

मग उठून दाराशी गेले, वहाणा हातात घेतल्या आणि आत हाक मारली, "अवं, ह्या कुठं ठेवू? तू सांग."