देठासकट हो

आमच्या आप्पांनी एकदा चहात आलं टाकायचं की नाही यावर मतदान घेतलं. आलं दोन मतांनी हरलं. आप्पांना आल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही, तरी तेव्हापासून ते निमूट बिनआल्याचा पीत आले.

आप्पा म्हणजे नंदुरबारबाहेरच्या आमच्या मिरचीच्या पथारीचे मॅनेजर. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं रान. दुपारी पार टोकापर्यंत लाल पसरलेलं, वर ऊन हलतं, आणि देठ खुडणाऱ्या बाया पाण्यावर तरंगल्यासारख्या दिसतात. आपण जागे आहोत की नाही, कळत नाही. शिंक आली की कळतं.

मी तिथलं ऑफिस बघते. कोरीट गावच्या आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि हे मी सगळ्यांना सांगते. कॉलेजात शिकले होते की निर्णय मॅनेजर घेतो. आप्पा म्हणाले, "पोरी, एकला मानूस चुकस. दहा जन बी चुकतस, पन धीरे धीरे."

आम्ही बारा जण, आठ बाया धरून. आधी सगळ्यात लहानाने बोलायचं, शेवटी आप्पांनी. "मोठा पहिले बोलना, का बाकीना मुका व्हतस." मग एकेकाने दाराआड जाऊन मडक्यात मिरची टाकायची. देठासकट म्हणजे हो, देठ खुडलेली म्हणजे नाही. एवढं करूनही निर्णय कच्चाच. "निर्णयले बी एक ऊन दाखाडनं पडस," म्हणून दुसऱ्या दिवशी तेच मतदान पुन्हा. ताडपत्री घ्यायचं पक्कं होईपर्यंत अवकाळी येऊन गेला. भिजलेल्या ढिगासमोर आप्पा शांतपणे म्हणाले, "दख, धीरे धीरे चुकनूत."

यंदा माघात एका संध्याकाळी त्यांनी विषय मांडला. "मन्हा पोऱ्या सूरतले बलाई ऱ्हायना. कायमनं. जाऊ का नको, तुम्ही ठरावा."

"आप्पा, हे घरचं आहे," मी म्हटलं. "ऑफिसात कशाला?"

"तुन्ही काकू गयी. घरमा मी एकलाच. आनि एकला मानूस..."

"चुकस!" बाया एका सुरात म्हणाल्या.

सगळ्यात लहान सुनीता. ती म्हणाली, "नातरं शेतस तठे. जा आप्पा." मग सगळेच नातवंडांकडे जा म्हणाले. सूरतला दवाखाने चांगले, असं मीही शहाण्यासारखं सांगितलं. आप्पांची पाळी आली तेव्हा ते नुसते शिंकले.

मडकं उपडं केलं. अकरा देठासकट, एक खुडलेली. आप्पांनी मोजल्या, "झायं" म्हणाले आणि चपला शोधत बाहेर गेले.

राधाबाईंनी ती एक मिरची उचलली. त्यांची हयात देठ खुडण्यात गेलेली. बायांच्या हातून देठ स्वच्छ निघतो, मिरचीला ओरखडा नाही. या मिरचीचा देठाजवळचा खांदा अर्धा फाटला होता. अख्ख्या पथारीत असं एकच माणूस खुडतो. राधाबाईंनी ती सगळ्यांच्या हातून फिरवली.

सकाळी आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आते. ठरनं ना."

"ऊन दाखवायचं राहिलंय," मी म्हटलं आणि मडकं पुढे केलं.

बारा मिरच्या. बाराच्या बारा बिनदेठाच्या, त्यातली एक खांद्यावर फाटकी. आप्पांनी तीनदा मोजल्या. "हाई काय?"

"ऊन लागनं, आप्पा," राधाबाई म्हणाल्या.

ते आमच्याकडे पाठ करून, लाल रानाकडे तोंड करून मुलाशी फोनवर बोलले. "बेटा, मन्हं तर भलतं मन व्हतं रे येवानं. पन काय करू, हाई लोके नही म्हनतस."

चहा आला. सुनीताने त्यात आलं किसलं होतं. आप्पांनी एक घोट घेतला, पेल्यात डोकावून पाहिलं आणि उरलेला एका दमात संपवला. मतदान मात्र मागितलं नाही.