राजकन्येची आयस

पुस्तक घेताना कोणी लेखकाचं नाव बघतं, कोणी मागचा मजकूर वाचतं. विमलवहिनी पुस्तक उघडतसुद्धा नाहीत. ते टेबलावर ठेवतात, वर पंजा दाबून धरतात आणि मला विचारतात, "सर, हिची आयस हाय का?"

आयस म्हणजे आई. आणि 'हिची' म्हणजे मुखपृष्ठावर केस मोकळे सोडून, तलवार परजून जी कोणी उभी असेल तिची. 'नाही' म्हटलं की पुस्तकावर नाराजीचा एक सुस्कारा पडतो आणि तरीही ते पिशवीत जातं.

पेणच्या रामवाडीत आमचं लहानसं वाचनालय आहे. नोकरी संपल्यावर मी ते सांभाळतो. त्यात एक कपाट तरुण पोरापोरींचं. शापित राजपुत्र, पंखवाले योद्धे, ड्रॅगन, जादूच्या शाळा, कॉलेजातली धुवांधार प्रेमं असा सगळा माल, काही अनुवादित, काही आपल्याकडचाच. खरं सांगायचं तर या कपाटाबद्दल मला काडीचा आदर नव्हता. त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक पन्नाशी उलटलेली बाई असेल, असं तर स्वप्नातही आलं नव्हतं.

विमलवहिनी हमरापूरच्या. यजमानांचा गणपतीचा कारखाना आहे आणि मूर्तींचे डोळे आखायचं काम वहिनींकडे. ओतकाम, रंगकाम कोणीही करो, डोळ्यांना दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. त्यामुळे आमची पुस्तकं परत येतात ती अंगठ्याचे ठसे घेऊन. गुलाबी, सोनेरी, काळे. मी एकदा तक्रार केली, तर म्हणाल्या, "देवाचा रंग हाय, सर. पुस्तकाचं भलंच व्हईल."

वाचलेल्या पुस्तकावर त्या अभिप्राय देतात आणि तो ऐकल्याशिवाय सुटका नसते. नायकाबद्दल त्यांचं मत सहसा वाईट. एका काळ्या पंखांच्या राजपुत्रावर अख्खं कॉलेज फिदा होतं. वहिनींनी विचारलं, पंख हायत ते ठीक, पण हा कामाला कुठं हाय? मी म्हटलं, राजपुत्र आहे तो. "म्हंजे बापाच्या जिवावर," त्या म्हणाल्या आणि विषय संपला. दुसऱ्या एका कथेत नायक-नायिका जंगलात चार दिवस भटकतात, तर वहिनींना युद्धाची नाही, जेवणाची काळजी. पानंच्या पानं गेली, कोणी भाताचं आधण ठेवलं नाय.

या पुस्तकांत थोडा मोकळा मामला असतो. 'तसली' पानं आली की काय करता, असं मी विचारणार नव्हतो. त्यांनीच सांगितलं. चष्मा काढून वाचायचं, अंदाजानं कळतं.

पण खरी तक्रार एकच. या सगळ्या पोरी बिनआईच्या. कोणाची आई पहिल्याच प्रकरणात तापाने जाते, कोणाची बेपत्ता होते, कोणाची आकाशात तारा होऊन बसते. उरलेल्यांच्या नशिबी सावत्र. लेखकांचीही अडचण मला समजते. घरात आई जागी असेल तर पोरगी अपरात्री लांडग्याच्या पाठीवर बसून जाणार कशी? मी हे समजावून सांगायला गेलो. वहिनी म्हणाल्या, "जाते तर जाऊ दे. पण मागं आयस असंलच ना कोणाची?"

हे कपाट मुळात त्यांच्या लेकीचं, मनालीचं. कॉलेजात असताना ती दर आठवड्याला यायची. दोन वर्षांपूर्वी तिने रोह्याच्या एका मुलाशी लग्न केलं. मुलगा कंपनीत इलेक्ट्रिशियन, स्वभावाने गरीब, पण जात वेगळी. वडिलांनी दार लावून घेतलं. घरात तिचं नाव निघायचं नाही, फोन करायचा नाही, असा हुकूम. वहिनींनी तो मोडला नाही. मग एक दिवस मनालीच्या गादीखाली राहिलेलं आमचं पुस्तक परत द्यायला त्या आल्या. ते आधी वाचून आल्या होत्या. "पोरीला यात काय दिसायचं ते बघितलं," म्हणाल्या, आणि दुसरं मागितलं. पेण ते रोहा तासा-दीड तासाची वाट. पण वहिनी पोरीपर्यंत राजवाड्यातून, कड्याकपारीतून आणि ड्रॅगनच्या गुहेतून जायला निघाल्या होत्या.

मला काय पडलंय, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. शेवटी नवीन आलेली पुस्तकं आधी मीच चाळायला लागलो. जन्मभर वैचारिक ग्रंथांचा टेंभा मिरवलेला माणूस मी, आणि म्हातारपणी परीराज्यात कोणाची आई शिल्लक आहे का ते शोधत होतो. बायको म्हणाली, तुमचं डोकं फिरलंय. मीही नाही म्हटलं नाही.

या श्रावणात एक सापडलं. बेताचंच पुस्तक. नायिका शाप लागलेल्या एका नावाड्याबरोबर घर सोडते आणि मागे आई आहे. चांगली धडधाकट, रोज तिच्या वाटणीचा भात झाकून ठेवणारी. शेवटच्या प्रकरणात पोरगी परत दाराशी येते. लेखनात काही दम नाही, पण ते प्रकरण मी दोनदा वाचलं, हे लपवून काय करू? वहिनींनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा मी फक्त "आहे" म्हणालो. त्यांनी पुस्तकावरचा पंजा उचलला आणि ते पिशवीत घालून निघून गेल्या.

ऐन हंगामात ते आठवड्यात परत आलं. मी पानं उलटली. काळे ठसे शेवटच्या प्रकरणाच्या आधीपर्यंत होते. पुढची पानं स्वच्छ.

"शेवट नाही वाचलात?"

"नाय. ती आली तरी रडू येईल, नाय आली तरी येईल. हात चालायचा नाय मग. डोळे आखायचे किती बाकी हायत." मग पुस्तक माझ्याकडे सरकवून हळूच म्हणाल्या, "तुमची बहीण रोह्याला असते ना, सर? मनूला द्या. आयसनं धाडलंय म्हणून सांगा."

रोह्यात कुंडलिका नदीच्या अलीकडे एका चाळीत मनाली राहते. मी पुस्तक दिलं, निरोप सांगितला. तिने चहा ठेवला, पण आधी पुस्तक उघडलं. ठशांवरून अंगठा फिरवत राहिली. ठसे कुठे थांबलेत ते तिलाही दिसलं असावं, कारण तिथून पुढे ती चौकटीला टेकून वाचायला लागली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. मग चहा उतू गेला तो मीच उतरवला.

वाचून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि विचारलं, "पप्पा घरी कधी नसतात?"

"मूर्तींचा टेम्पो मुंबईला जातो तेव्हा. शनिवारी जाणार आहे."

तिने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "शनिवारी येते मी. पण काका, आईला आधी सांगू नका. तिचा हात चालायचा नाय."