समुद्रपूरचा घाट

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरातील पहिल्या सोमवारी, सकाळी सहा वाजता, समुद्रपूरच्या बसस्थानकासमोर लिपिक गजेंद्र भोयर यांनी आपल्या सायकलीचा मागचा ब्रेक जाणूनबुजून आवळला. आदल्या साली चिखलदऱ्याच्या सायकलफेरीत ते चौथ्या वळणावर कोसळले होते आणि आयोजकांच्या वहीत त्यांच्या नावापुढे ‘टेम्पोने आला’ असा शेरा पडला होता. यंदा तसा शेरा पडू द्यायचा नाही, हा त्यांचा निश्चय होता. समुद्रपुरात चढण नाही, हे खरे. परंतु चढण म्हणजे अखेर चाकाला होणारा विरोध, आणि तो ब्रेकही करतो, असा त्यांचा बिनतोड युक्तिवाद होता.

गावाच्या परोपकाराचा हिशेब मात्र त्यात नव्हता.

“ओ भाऊ, बिरेक घासून राह्यला!” मोटारसायकलवाले ओरडत. कपाशी निंदायला निघालेल्या भागीरथाबाईंनी तर त्यांना थांबवलेच. “काऊन जीव काढता, बापा? तेल टाका ना त्याले!” आणि गजेंद्रराव चहाला टेकले की सायकलदुरुस्तीवाला हरिदास तो ब्रेक गुपचूप ढिला करी. आठवडाभर आपली ताकद वाढल्याचा त्यांना आनंद झाला; सत्य कळताच ते कडाडले.

“हरिदास, हा बिरेक म्हंजे माहा घाट हाय! याले ढिला कराचा नाई!”

“मले काय मालूम, साहेब? आता शब्द देतो. तुमचा घाट कोनालेच कमी करू देनार नाई.”

डिसेंबरात ते फेरीसाठी चिखलदऱ्याला निघाले, तेव्हा हवेचा पंप घेऊन हरिदासही सोबत गेला. फेरीच्या पहाटे गजेंद्ररावांनी ब्रेक स्वतः मोकळा केला आणि ते नाव नोंदवायला गेले.

चढ सुरू झाला. एकेक करून सगळे पुढे निघून गेले. चौथ्या वळणावर मांड्या पेटल्या. पण हे दुखणे तीन महिन्यांच्या ओळखीचे होते. मागून येणाऱ्या टेम्पोतून हरिदासने विचारले, “बसता का?”

“नाई!”

मुदतीला आठ मिनिटे उरली असताना, सर्वांच्या शेवटी, ते माथ्यावर पोहोचले. सायकल उभी करताना पाहतात तो मागचे चाक सहजी फिरेना.

“हरिदास! हा बिरेक कोनं आवळला?”

“मीनंच! तुम्ही नाव लिहाले गेलते, तं कोन्या हरामखोरानं ढिला करून ठेवलता!”

वहीवाल्या गृहस्थांनी वाकून चाक हाताने ढकलले. ते घासत जेमतेम अर्धा फेरा फिरले आणि अडले. मग त्यांनी पेनाचे टोपण काढले.

“सायकलनं आला,” लिहिता लिहिता ते म्हणाले, “अन् बिरेक लावून आला.”