भुकेल्या बिअरला चमचाभर साखर

ईस्टरआधीच्या उपासात चहातली साखर सोडायची, एवढंच मी ठरवलं होतं. यात घरातल्या कपाटाचं दार बिजागरीतून निखळण्यासारखं काही आहे, असं तुम्हाला तरी वाटलं असतं का?

आता, साखर सोडणं ही माझ्यासाठी लहान गोष्ट नव्हे. मी चहात साखर घालत नाही, साखरेवर थोडा चहा ओतते. (हे आमच्या क्लेमचं म्हणणं. मूळ वाक्य याहून बोचरं होतं.) पण नवसच तसा होता. नवस बोलले होते संत अँथनीला. हरवलेलं शोधून देण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. किल्ल्या, चष्मे, एकदा तर शेजारणीचं मांजर. मला त्याने कधी रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही. या खेपेला मी त्याच्याकडे माझा नवरा मागितला.

तसा नवरा घरातच होता, खिडकीजवळच्या खुर्चीत. क्लेमचा सारा जन्म कोळशाच्या खाणीत सुरुंग लावण्यात गेला. खाण बंद झाली, याला घरी बसवलं, आणि माणूस आतून विझत चालला. पूर्वी शीळ घालत दाढी करायचा, हाक मारली तर गल्लीतली कुत्री उठून बसायची. आता "चहा देऊ?" तर "हं." "पाऊस आला बघ." "हं." आणि आमच्या ग्रेमाउथ गावात पाऊस काय, रोजचाच. रविवारी मिस्साची उपासना संपली की सगळे चर्चच्या हॉलमध्ये गप्पा मारत चहा घ्यायचे. हा तडक गाडीत जाऊन बसायचा.

"काय होतंय तुला, क्लेम?"

"काही होत नाहीये, फिल. तेच तर होतंय."

अशात क्राइस्टचर्चहून लेकीचं, कॅथलीनचं, खोकं आलं. बापाच्या वाढदिवसाची भेट. आत एक पांढरं प्लास्टिकचं पिंप, झाकणात बसवायची वाकडी काचेची नळी आणि घरी बिअर करायचे तीन तऱ्हांचे डबे: एक लागरचा, एक ब्राउन एलचा, एक स्टाउटचा. प्रत्येक डब्याच्या टोपणाखाली यीस्टची इवलीशी पुडी. क्लेमने डबा उलटासुलटा केला आणि म्हणाला,

"एवढ्याशा डब्यातून पिंपभर बिअर होते?"

प्रश्न! कित्येक महिन्यांत या माणसाने पहिल्यांदा काही विचारलं होतं. मी तशीच स्वयंपाकघरात गेले आणि साखरेची बरणी फडताळात ढकलली. संत अँथनी कामाला लागला होता. आता मागे हटणं बरं दिसलं नसतं.

डब्यात काकवीसारखा दाट काळा पाक होता. तो गरम पाण्यात विरघळवायचा, साखर घालायची, गार पाण्याने पिंप भरायचं आणि वरून यीस्ट भुरभुरायचं. मग पिंपाला हवी ऊब. आमच्याकडे नदीवरून जो वारा येतो त्याला गावात 'न्हावी' म्हणतात, इतका तो गाल तासून काढतो. तेव्हा घरात ऊबदार जागा एकच: गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. आणि ते माझं. टॉवेल, चादरी तिथे सुकतात. शिवाय चर्चच्या वेदीवरची वस्त्रं धुऊन, खळ घालून, इस्त्री करून मी तिथेच ठेवते. हा मान मला बऱ्याच वर्षांच्या सेवेनंतर मिळाला होता.

"वरची फळी देवाची, खालची माझी," क्लेम म्हणाला. "चालेल?"

"देवाला विचारते."

"विचार. आणि त्याला म्हणावं, बायबलातल्या काना गावच्या लग्नात पाण्याची दारू कुणी केली होती?"

मी वस्त्रं वरच्या फळीवर सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातून आवाज आला, 'बुडुक'. मी दार उघडलं. नळीतल्या पाण्यातून एक बुडबुडा वर आला, जरा थांबला, फुटला. पुन्हा 'बुडुक'. पिंपाला हात लावला, तर तापलेल्या बाळाच्या कपाळासारखं कोमट. पावाची कणीक फुगताना मी जन्मभर पाहिली आहे, पण ती गप्प फुगते हो! हे बोलत होतं. अंधाऱ्या कपाटात, कुणी बघत नसताना, कोटी कोटी जीव आपापलं काम करत होते आणि काम करता करता श्वास सोडत होते. मी तिथेच गुडघे टेकले. (फरशी पुसायची होतीच.)

"फिल, कुणाची प्रार्थना चाललीय?"

"कुणाची नाही. ऐकतेय."

मग तोही शेजारी येऊन बसला. दोघं म्हातारी माणसं कपाटापुढे बसून बुडबुडे ऐकत होतो. लग्नानंतर इतका वेळ आम्ही एकाच गोष्टीकडे पाहिल्याचं मला आठवत नाही.

एक संपली की दुसरी, असे तिन्ही डबे झाले. मला राहून राहून नवल वाटे ते हे, की पाणी एकाच नळाचं, पिंप तेच, कपाट तेच. पण लागर निघाली वाळल्या गवताच्या रंगाची, ब्राउन एल चहाच्या रंगाची, आणि स्टाउट? क्लेमने पिंपातूनच तिचा एक पेला काढून खिडकीतल्या उजेडापुढे धरला. उजेड पलीकडेच अडला.

"हा कोळशाचा काळा रंग पुन्हा बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं," तो हळूच म्हणाला.

त्याच आठवड्यात त्याने आपण होऊन फादर हेनेगनना सांगितलं की ईस्टरच्या रविवारी हॉलमधल्या जेवणाला तिन्ही तऱ्हांची बिअर आपण आणू. आणू म्हणजे स्वतः आणू, तिथे उभं राहून ओतू! मी फादरांच्या मागे उभी राहून मनातल्या मनात संत अँथनीचे पाय धरले. एकच भीती होती. बिअर बिघडली, चारचौघांत शोभा झाली, तर हा पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसेल, आणि या वेळी उठणार नाही.

आता स्टाउट बाटल्यांत भरण्याचा दिवस. मी चर्चमधली पितळेची मेणबत्तीदाणी घासून घरी आले, तर स्वयंपाकघरात भरलेल्या बाटल्या उघड्या तोंडाने रांगेत उभ्या, आणि क्लेम फोनवर कॅथलीनला पिंप कसं धुतलं ते सांगतोय. पिंप रिकामं. 'बुडुक' बंद.

"यीस्ट गेलं का रे?" मी हळूच विचारलं.

त्याने फोनवर हात ठेवला. "गेलं नाही. बाटलीत आहे थोडं. साखर खाऊन संपली की झोपतं बिचारं." आणि पुन्हा फोनवर.

उपाशी झोपलेलं! शाळेत नन आम्हाला बजावत, उपासात जे वाचतं ते आपलं नसतं, ते भुकेल्याचं असतं. म्हणून मी रोज चहात न घातलेली साखर एका डब्यात जमवली होती, ईस्टरला कुणा गरजूला द्यायला. आणि इथे माझ्याच ओट्यावर एवढे गरजू! मी प्रत्येक बाटलीत एकेक चमचा घातला. मोठा चमचा. दानात हात आखडू नये. प्रत्येक बाटलीच्या गळ्याशी थोडा फेस आला. मला वाटलं, आशीर्वाद दिला.

क्लेमने येऊन बुचं ठोकली आणि बाटल्या कपाटात नेऊन ठेवल्या. उजव्या हाताने केलेलं डाव्या हाताला कळू नये असं शुभवर्तमानात आहे, म्हणून मी काही बोलले नाही. आणि क्लेमने भरण्याआधीच प्रत्येक बाटलीत फेसापुरती मोजून साखर घातली होती, हे तोही काही बोलला नाही. त्याचं कारण कळलं नाही. शुभवर्तमान तो इतक्या बारकाईने वाचत नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी सकाळी वेदीची वस्त्रं न्यायला मिसेस हॅनरहान आल्या. वेदीमंडळाच्या त्या प्रमुख. त्यांच्यापुढे फादरसुद्धा पाय पुसून येतात. मी त्यांना चहा दिला.

"फिलोमीना, यंदा खळ नीट लावलीस ना? गेल्या ईस्टरला वेदीचं वस्त्र जरा मलूल दिसत होतं."

"यंदा अगदी ताठ आहे, मिसेस हॅनरहान. हलणार नाही जागचं."

धडाम!

मिसेस हॅनरहान यांचा कप बशीतून उडाला. "अगं बाई! हे काय?"

"टाकी असेल," मी म्हटलं, आणि माझं मलाच ते खरं वाटलं नाही.

धडाम! धाड! कपाटाचं दार धाडकन उघडलं, एका बिजागरीवर लोंबकळलं, आणि आतून तपकिरी फेस उतू गेलेल्या दुधासारखा पॅसेजमध्ये आला.

तेवढ्यात एक आवाज आला. असा आवाज मी वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. भिंतीवरच्या तसबिरी हलल्या.

"खाली! सगळ्या खाली! कुणी जागचं हलायचं नाही!"

क्लेम होता तो. मी आणि मिसेस हॅनरहान कोचामागे पालथ्या पडलो. (त्या आधी पडल्या. वयाचा मान.) क्लेम ताठ उभा, मान तिरपी करून ऐकतोय, आणि बोटांवर मोजतोय. धाड! "चार." धाड! "पाच." मग शांतता.

"क्लेम, मी बघू का?" मी कोचामागून म्हटलं.

"खबरदार! न उडालेला सुरुंग उडालेल्यापेक्षा वाईट. मिसेस हॅनरहान, डोकं खाली!"

"आहे रे बाबा खालीच!" त्या जमिनीशी बोलल्या.

त्याने पडवीतून खाणीतलं हेल्मेट आणलं, अंगात मेणकापडी रेनकोट चढवला, हातांत माझे ओव्हनचे फुलाफुलांचे हातमोजे घातले आणि ओल्या टॉवेलात एकेक बाटली गुंडाळून, तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून न्हाणीघरात नेली. टबात ठेवून बूच इतकं हळू सैल करायचा की फक्त 'श्श्श' ऐकू यावं. प्रत्येक 'श्श्श' नंतर एक आरोळी: "सुरक्षित!" आम्ही दोघी कोचामागून "आमेन" म्हणत होतो.

शेवटची बाटली झाली, तशा आम्ही दोघी पॅसेजमध्ये आलो. क्लेमने हेल्मेट काढलं, टबाशेजारी जमिनीवर बसला आणि बोटावरचा फेस चाटून पाहिला. कपाळावर आठी.

"फिल, यात साखर दुप्पट झालीय. तू काही घातलंस?"

मी सगळं सांगितलं. उपास, नन, भुकेलेले. सांगताना रडू आलं. वाटलं, संपलं, मीच बिघडवलं, आता खुर्ची.

त्याने हेल्मेट बाजूला ठेवलं. "म्हणजे ते पोटभर जेवून आडवे झाले होते, आणि तू त्यांना उठवून पुन्हा वाढलंस?"

"एकेकच चमचा."

"आणि एवढ्याशा पोटात एवढं आग्रहाचं जेवण! फुटतील नाही तर काय होतील!"

आणि तो हसला. आधी खांदे हलले, मग पोट, मग तो टबाला धरून हसला. डोळ्यांतून पाणी आलं. मिसेस हॅनरहानही (केसांत बुचाचा तुकडा अडकलेला) हसायला लागल्या. मी मात्र तशीच बसून राहिले. किल्ली मागितली की संत अँथनी गुपचूप किल्ली समोर ठेवतो, हे मला ठाऊक होतं. पण माणूस परत देताना तो असं दार उडवून देईल, हे कुठल्या प्रार्थनेत लिहिलंय? ओल्या पॅसेजमध्ये, बाटल्यांच्या काचांत, मी हात जोडले.

वेदीचं वस्त्र आम्ही दोघींनी धुतलं, पुन्हा धुतलं, इस्त्री केली. डाग गेला. वास देवाला सोपवला. त्या संध्याकाळी फादर हेनेगन वेदीपाशी वाकले, थबकले, पुन्हा वाकले, आणि त्या वर्षी त्यांनी रिवाजाप्रमाणे घ्यायचं वेदीचं चुंबन नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ घेतलं, एवढं मी पाहिलं.

रविवारी हॉलमध्ये क्लेमने वाचलेल्या बाटल्या उघडल्या. लागर छान, ब्राउन एल छान. पण स्टाउट! पेल्यात साईसारखा फेस, खाली अमावास्या. जुने खाणवाले एक घोट घेत आणि पेला पुन्हा पुढे करत. मग क्लेम गोष्ट सांगायचा, हातवाऱ्यांसकट, आणि दर खेपेला एक धडाम वाढायचा. मी चहात साखर घालून (आता मुभा होती) कोपऱ्यात उभी राहून त्याच्याकडे बघत होते. गाडीत जाऊन बसण्याची आठवणसुद्धा त्याला झाली नाही. हॉलचे दिवे मालवायला आले तेव्हा मीच त्याला ओढून नेलं.

आता तो दर महिन्याला नवा डबा आणतो. सध्या गव्हाची बिअर चालू आहे. नवस फळला, घर पुन्हा त्याच्या आवाजाने भरलं. देवाला मी रोज डोळे भरून धन्यवाद देते. फक्त कपाटाला आता जाडजूड कडी आहे, तिला कुलूप आहे, आणि वर खाणीतली जुनी पाटी लावली आहे: 'स्फोटके. परवान्याशिवाय प्रवेश नाही.' किल्ली क्लेमच्या खिशात. त्यामुळे अंघोळ झाली की मला न्हाणीघरातून हाक मारावी लागते, "क्लेम, टॉवेल!" मग बाहेरून सुरुंगवाल्याचा करडा आवाज येतो, "आधी हात दाखव! साखर नाही ना?" आणि मी, माझ्याच घरात, माझ्याच टॉवेलसाठी, ओले दोन्ही हात दाराबाहेर काढून, तळवे पालथे-उताणे करून दाखवते.