परबांच्या घरात ताप येत नाही

आमच्या शेजारच्या परबभावोजींच्या घरात आजवर कोणाला ताप आलेला नाही. आलाच, तर तो जिन्यात येतो.

म्हणजे काय, ते सांगते. भावोजींचा नियम असा, की घरात वाईट बोलायचं नाही. त्यातही आजाराचं नाव तर बिलकूल काढायचं नाही. "वास्तू तथास्तु म्हणता, वयनी," ते मला सांगतात. "तिका कान आसत. डोक्या नाय." त्यामुळे त्यांच्या घरात डायबेटिसला 'गोड पाहुणो' म्हणतात, ब्लडप्रेशरला 'वरचा-खालचा', आणि काही आजार असे, की त्यांचं नुसतं छताकडे बोट दाखवून भागवतात. खरंच काही सांगायचं असेल तर माणसाने चप्पल घालायची, उंबरठा ओलांडायचा, आणि जिन्यात उभं राहून सांगायचं. जिन्याला वास्तू लागू नाही. तो सोसायटीचा.

बाकी माणूस एकदम झकास. गाव मालवणकडचं, वडील गिरणीत होते, हे पालिकेच्या पाणीखात्यात. मुलुंडमध्ये आमच्या तीन मजली बिल्डिंगला पाणी आलं नाही, की सेक्रेटरीच्या आधी लोक भावोजींचं दार ठोठावतात. मासळी आणली की आधी मला दाखवणार, "वयनी, डोळे बघा, कशी जिती वाटता!" फक्त तब्येतीची चौकशी करू नका. मी एकदा त्यांच्या दारात शिंकले, तर मला हाताला धरून माझ्या दारापर्यंत सोडून आले.

आता अशा माणसाला मुलीचा मेडिक्लेम काढायची वेळ यावी, म्हणजे बघा.

तन्वी त्यांची एकुलती एक, नवसाची. तिची आई गेल्यापासून घरात दोघंच. पोरगी हुशार, तिला मंगळुरूला फिजिओथेरपीला ॲडमिशन मिळाली. पण हॉस्टेलवाल्यांनी कळवलं, की बाहेरगावच्या मुलांनी आरोग्य विम्याचं कार्ड दाखवल्याशिवाय खोली मिळणार नाही. भावोजींनी उभ्या आयुष्यात विमा काढलेला नाही. "आजाराक आवतान धाडूचा आणि वर पैसे भरूचे?" हे त्यांचं म्हणणं.

मी आमच्या ओळखीच्या जिग्नेशला बोलावलं. एजंट आहे, गोड मुलगा. त्याने सोफ्यावर बसून बॅग उघडली आणि सुरुवात केली, "काका, फॅमिलीमें किसीको शुगर, हार्ट..." पुढचा शब्द बाहेर पडण्याच्या आत जिग्नेश बाहेर पडला होता. बॅग काखेत, पाय अनवाणी. बूट आतच राहिले. मागून भावोजी, मागून हसून हसून वाकलेली तन्वी.

"अंकल, पूछना तो पडेगा ना!"

"विचार रे! पण हय, जिन्यात."

जिन्यात वरच्या मजल्यावरची माणसं ये-जा करायला लागली, म्हणून सगळे कंपाउंडमध्ये गेले आणि पाण्याच्या टाकीला टेकून फॉर्म भरला. जिग्नेश म्हणाला, आता फक्त कंपनीतून डॉक्टरबाईंचा फोन येईल, चार प्रश्न विचारतील, की झालं.

फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. भावोजी बनियनवर जेवत होते. तसेच उष्ट्या हाताने धावत खाली. त्यांना ऐकायला जरा कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर. आणि एकदा वास्तूबाहेर पडले, की भावोजींना कसलीच भीती नाही. बाई जे विचारतील ते खात्री करून घ्यायला ते मोठ्याने म्हणायचे, आणि उत्तराला नुसती 'नाही'ची मान हलवायचे.

"काय? मूळव्याध?" मान हलली.

"काका, हो की नाही?"

"क्षयरोग?" परत मान.

"काका, मला तुमची मान दिसत नाही. तोंडाने सांगा."

पण तोंडाने सांगेपर्यंत खिडक्या उघडल्या होत्या. लोकांना आजार ऐकू गेले, मान कोणी बघितली नाही. संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या शाहबेन शहाळं घेऊन आल्या. सेक्रेटरी डोळे पुसत मला म्हणाला, "काकी, एका माणसाला एवढं सगळं? वर्गणी काढायची का?"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्या फोनच्या शेवटी एक गंमत झाली, आणि ती गंमत राहिली नाही. बाई म्हणाल्या, "काका, हे सगळं मी तुमच्या मुलीबद्दल विचारतेय हं. तिला यातलं काही आहे का?"

भावोजी इतका वेळ स्वतःबद्दल सांगत होते. स्वतःला काय वाटेल ते होऊ दे, त्याचं काही नव्हतं.

"माझ्या चेडवाक?" ते ओरडले. "तोंड सांभाळून बोल!" आणि फोन कट.

झालं, फाइल अडकली. जिग्नेश म्हणाला, काकांनी स्वतः परत फोन करून उत्तरं दिली तरच पुढे सरकेल. खोली मिळायची मुदत तर संपत आली होती. भावोजी ऐकेनात. "मुलुंडात कॉलेजा नाय?" इथपर्यंत गाडी आली. मला वाटलं, वाट लागली, हा माणूस पोरीला अडकवून ठेवणार.

तन्वी तोपर्यंत थट्टेवारी नेत होती. "बाबा, मी हाडं मोडलेल्या माणसांचं शिकायला चाललेय. तिथे कोणी 'गोड पाहुणो' म्हणणार नाही."

"तू शीक. माझ्याकडसून नावां वदवून घेव नको."

तशी ती एकदम थांबली. मी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा गाळत होते, मला सगळं ऐकू आलं.

"आणि मला तिकडे बरं नसलं, तर मी कोणाला सांगू? तू फोन घरात घेणार. आणि मग मी गप्प बसायचं. आईसारखं."

मी गाळणं हातात धरून तशीच उभी. परबवहिनी गेल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, फार उशिरा आणलंत. उशीर का झाला, हे बिल्डिंगमध्ये कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून बघते, तर भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून टाकीपाशी उभे. फोन तोंडासमोर धरलेला, स्पीकरवर. एकेक नाव घेत होते आणि प्रत्येकापुढे स्पष्ट, ठणठणीत "नाय" म्हणत होते. सगळी खिडक्यांतली मंडळी ऐकत होती. कोणी हसलं नाही.

कार्ड आलं, तन्वी गेली.

परवा संध्याकाळी भाजी घेऊन येत होते. गेटबाहेरच्या बंद लाँड्रीच्या पायरीवर भावोजी बसलेले, पायावरचे डास मारत.

"भावोजी, वर जा की. फोडून काढतायत डास."

"चेडवाचो फोन येतलो, वयनी."

"मग घरात घ्या, पंख्याखाली."

"नको," ते म्हणाले. "घरात घेतलंय, तर ता फक्त 'बरी असंय' इतक्याच सांगतला."

तेवढ्यात फोन वाजलाच. स्पीकर चालू, त्यामुळे मलाही ऐकू आलं. "बाबा, जेवलास?"

"जेवतलंय मागसून. तू सांग. मी भायर बसलंय."

पोरीचा आवाज बसलेला. "ताप आहे बाबा. कालपासून."

भावोजींनी डोळे मिटले. मग पायरीवर सरकून नीट बसले. "किती असा? औषध घेतलंस? सांग, सगळा सांग. माका घाई नाय."

मी वर जाऊन डासांची कॉइल आणली आणि पेटवून त्यांच्या पायाशी ठेवली. त्यांचं माझ्याकडे लक्षही गेलं नाही. बोलणं चालूच होतं.