पेशी खुशाल आहेत

शिंपीकाकांच्या पेशी शनिवारी दगावल्या, आणि त्याला कारण प्रयोगशाळेतल्या बाईंचं कोपर. दोन्ही हातांत काचेच्या बश्या होत्या म्हणून उबेच्या पेटीचं दार त्यांनी कोपराने लोटलं आणि ते लागलं असं समजून त्या घरी गेल्या. सोमवारी पाहतात तो पेटी गार आणि पेशी त्याहून गार.

काकांना कंपवात होता. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेला माणूस, पण आता सुईत दोरा ओवता येईना. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर सहा औषधं करून बघायची आणि जे लागू पडेल ते काकांना द्यायचं, असा बेत होता. पण ते रक्त काढतानाच बाईंच्या नाकी नऊ आले होते. थरथरत्या हातात शीर सापडेना. चौथ्या टोचणीला काका म्हणाले होते, "हे शेवटचं हं बाई. परत सुई दाखवलीत तर मी यायचा नाही." सुईवर पोट भरलेल्या माणसाने सुईला इतकं भ्यावं, हे बाईंना तेव्हाही पटलं नव्हतं.

बाईंनी साहेबांना सगळं खरं सांगितलं. साहेब "बघतो" म्हणाले. साहेबांचं बघणं कसं असतं, ते बाई वीस वर्षं बघत होत्या. तासाभराने काकांचा फोन आला.

"बाई, काय म्हणतात आमच्या पेशी?"

"खुशाल आहेत," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

एकदा खोटं बोललं की त्याला रोज खाऊ घालावं लागतं. मंगळवारी काकांनी विचारलं, "खातात का पोटभर?" बाई म्हणाल्या, "हो, कालपेक्षा जास्त." बुधवारी काकूंनी फोन ओढून घेतला. "ह्यांच्या पेशी स्वस्थ बसतात का हो? हे तर घरात एका जागी टिकत नाहीत." घरी सासूबाईंचं पथ्य, लेकीची परीक्षा, इथे दुसऱ्या पेट्यांतल्या जिवंत पेशींच्या चाळीस बश्या, आणि वर मेलेल्यांची तब्येत सांभाळायची! बाई अगदी मेटाकुटीला आल्या. शुक्रवारी काकांनी विचारलं, "औषध कुठलं लागू पडतंय?" फोन लवकर संपावा म्हणून बाई म्हणाल्या, "तिसरं."

"मग आजच डॉक्टरांना सांगून सुरू करतो!"

बाई ओरडल्याच. "नको! काका, अजिबात नको! अजून काहीच पक्कं नाही."

"बरं. मंगळवारी येतोच तिकडे. बघू तरी कशा दिसतात."

आता दाखवायचं काय? तुलनेसाठी एका निरोगी माणसाच्या पेशी लागतात. निरोगी माणूस ऐन वेळी कधीच सापडत नाही, म्हणून बाई नेहमी स्वतःचंच रक्त देत. मंगळवारी काका काकूंचा हात धरून आले, तेव्हा स्वतःच्या पेशींची बशी बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

काका बराच वेळ डोळा लावून उभे राहिले.

"ह्या माझ्या नाहीत."

"कशावरून?"

"कापड ओळखतो मी, बाई. ह्या ज्या कोणाच्या आहेत ना, त्यांना चार दिवस सुट्टी द्या. फार दमल्यात."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लेकीनेसुद्धा हे कधी म्हटलं नव्हतं. मग त्यांनी सगळं ओकून टाकलं: कोपर, दार, गार पेटी, तिसरं औषध. "तुम्ही परत रक्त द्यायचे नाहीत, अशी भीती वाटली हो. चुकलंच माझं."

काका शांतपणे शर्टाची बाही वर सारत होते. "ठाऊक आहे मला. साहेबांनी सोमवारी सकाळीच फोन करून माफी मागितली. रक्त द्यायलाच तर आलोय आज."

"मग आठवडाभर फोन कशाला करत होतात?"

"पहिला केला तो तुम्ही मनाला लावून घेऊ नये म्हणून. तर तुम्ही म्हणालात, खुशाल आहेत." काका ओशाळं हसले. "दोन वर्षांत माझ्याबद्दल कोणी असं बोललं नव्हतं, बाई. मग रोज ऐकावंसं वाटायला लागलं. तिसरं औषध म्हणालात त्या दिवशी तर, खोटं आहे हे माहीत असून, मी सुईदोरा घेऊन बसलो होतो."

"तासभर," काकू म्हणाल्या.

बाईंनी डोळे पुसले आणि सुई हातात घेतली. या खेपेला शीर सापडायला पाच टोचण्या लागल्या. काका एकदाही कुरकुरले नाहीत. चौथ्या टोचणीला एवढंच म्हणाले, "उद्या फोन केला तर उचलाल ना?"